फोनवर ‘सगळं मस्त’, खोलीत एकटं: परदेशात शिकायला गेलेलं पोर तिथं रुळतं कसं?

कबनूर हे इचलकरंजीला खेटून असलेलं, हातकणंगले तालुक्यातलं गाव. शहर कुठं संपतं आणि गाव कुठं सुरू होतं हे नवख्या माणसाला कळत नाही, कारण यंत्रमागाचा खडखडाट दोन्हीकडं सारखाच असतो. अशा आवाजात झोपायची सवय असलेलं पोर जर्मनीतल्या एखाद्या छोट्या विद्यापीठाच्या गावात एकट्याच्या खोलीत राहायला गेलं, तर आधी बोचते ती तिथली शांतता. थंडीसाठी जॅकेट मिळतं. शांततेसाठी काय घ्यायचं, हे जाण्याआधीच्या कुठल्याच यादीत नसतं.

कबनूरमध्ये रात्रीचे १० वाजलेले असतात तेव्हा हिवाळ्यात जर्मनीत संध्याकाळचे साडेपाच, लंडनमध्ये साडेचार आणि टोरोंटोमध्ये सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. जेवणं आवरून घरचे व्हिडिओ कॉल लावतात. “जेवलास काय?” “होय.” “सगळं बरं हाय न्हवं?” “मस्त.” मग शेजारच्यांची विचारपूस, आजीला मोबाईल देणं, तिनं स्क्रीनवरून हात फिरवणं, आणि कॉल संपतो.

हे ‘मस्त’ बऱ्याचदा खरं असतं. पण बऱ्याचदा ते खोटंही असतं, आणि त्याचं कारण लाजाळू स्वभाव एवढंच नसतं. घरावर कर्ज आहे, आईचं सोनं बँकेत आहे, वडिलांनी आयुष्यभर मजुरीवर माग चालवले आहेत, हे पोराला माहीत असतं. मग “मला इथं जमत नाहीये” हे वाक्य महाग होऊन बसतं.

परदेशात रुळणं हा विषय आपल्याकडं ‘जिद्द’, ‘कम्फर्ट झोन’ अशा शब्दांत सांगितला जातो. प्रत्यक्षात ते बरंचसं खोली, जेवण, पैसा आणि बोलायला एखादं माणूस यांच्यावर ठरतं. हे काही आजचं नाही. कोल्हापूरच्या इतिहासात याचे दोन मोठे दाखले आहेत, आणि दोन्ही शाळेच्या पुस्तकात अर्धेच सांगितलेले असतात.

धूर की थंडी? आनंदीबाईंची खोली

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय १८. ‘पहिल्या महिला डॉक्टर’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यांचे तिथले दिवस कसे गेले?

सुरुवात बरी झाली, कारण तिथं एक घर वाट पाहत होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता. पहिले काही महिने आनंदीबाई त्यांच्याकडंच राहिल्या. अनोळखी देशात उतरल्यावर एक ओळखीचं दार असणं किती मोठी गोष्ट आहे, हे आज विमानतळावर दोन बॅगा घेऊन उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा.

खरा त्रास सुरू झाला तो फिलाडेल्फियाला कॉलेजात गेल्यावर. राहायला मिळालेल्या खोलीतली शेकोटी नीट पेटायची नाही, नुसता धूर व्हायचा. म्हणजे धूर सोसा, नाहीतर थंडी सोसा. त्या शाकाहारी होत्या, त्यामुळं स्वयंपाक स्वतःच करायचा आणि मग अभ्यासाला बसायचं. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, फिलाडेल्फियाच्या थंडीत ते झेपेना, म्हणून त्यांनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. आज हे वाचताना किरकोळ वाटतं. पण त्या काळात साडी नेसण्याची पद्धत बदलणं म्हणजे घरी आणि समाजात उत्तर द्यावं लागेल अशी गोष्ट होती.

यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही आणि नऊवारीचा हट्टही धरला नाही, मधला मार्ग काढला. पुढं विसाव्या शतकात जॉन बेरी या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं परक्या संस्कृतीत माणसं चार तऱ्हांनी वागतात अशी मांडणी केली: आपलं सोडून त्यांचंच धरणं, आपल्यातच राहणं, दोन्ही राखणं, आणि दोन्हीकडून तुटणं. आनंदीबाईंची साडी म्हणजे यातली तिसरी तऱ्हा. बेरींच्या मते साधारणपणे हीच तऱ्हा माणसाला सगळ्यात कमी त्रासाची पडते.

पण खोलीचा प्रश्न साडीसारखा सुटला नाही. तब्येत ढासळत गेली. ११ मार्च १८८६ ला त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली, आणि कोल्हापूर संस्थाननं त्यांची अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून नेमणूक केली. हे हॉस्पिटल म्हणजे आजचं सीपीआर, जिथं कबनूर-इचलकरंजीचे पेशंट अजूनही जातात. त्या नोकरीवर आनंदीबाई कधीच रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं त्यांचं निधन झालं. २२ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

या मरणाला एकटी ती खोली कारणीभूत होती असं म्हणणं धाडसाचं होईल. पण पैसे वाचवायला तळघरातली ओल आलेली, हीटर न चालणारी खोली घेणाऱ्या आजच्या पोरांना ही गोष्ट माहीत असायला हवी.

आंबेडकरांचे पहिले महिने आणि रुपयाची घसरण

दुसरी गोष्ट कबनूरच्या आणखी जवळची. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावात राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत ऐतिहासिक परिषद झाली. माणगाव आज कबनूरच्याच, म्हणजे हातकणंगले तालुक्यात आहे. परिषदेनंतर काही महिन्यांतच आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले.

त्याआधीचा त्यांचा अनुभव पाहू. १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. हार्टले हॉल या वसतिगृहातलं जेवण त्यांना रुचेना. तिथून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. म्हणजे काही महिन्यांत तीन पत्ते. सुरुवातीचा काळ अभ्यासापेक्षा नव्या मोकळेपणातच जास्त गेला, असं त्यांचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. मग मात्र ते अभ्यासात असे बुडाले की एकट्या अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले.

‘पहिल्या सेमिस्टरमध्ये माझं काहीच झालं नाही’ म्हणून खचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पहिले महिने वाया गेल्यासारखे वाटणं अगदी बाबासाहेबांच्याही वाट्याला आलं होतं.

लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र भेटला. ही मैत्री आयुष्यभर टिकली. १९२० मध्ये लंडनला परत जाताना पैसे उभे करायची वेळ आली तेव्हा याच भथेनांनी ५००० रुपये उसने दिले, आणि १५०० रुपये शाहू महाराजांकडून मिळाले. होस्टेलच्या मजल्यावर झालेली एक ओळख सात वर्षांनी कामाला आली.

लंडनमध्ये काटकसर टोकाची. घरमालकिणीकडून मिळणारा तुटपुंजा नाश्ता, दिवसभर ग्रंथालय, आणि रात्री भूक लागली की भाजलेला पापड. तरीही पैसे पुरेनात. कारण? रुपया पडला.

१९२० मध्ये सरकारनं रुपयाचा दर २ शिलिंग ठरवला होता. वर्षभरात बाजारात तो १ शिलिंग ३-४ पेन्सच्या आसपास आला. म्हणजे २ शिलिंगच्या दरानं १५०० रुपयांचे १५० पौंड झाले असते, ते १ शिलिंग ३ पेन्सच्या दरानं ९४ पौंडही भरत नव्हते. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये आंबेडकरांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले आणि विनिमय दर घसरल्याची अडचण सांगितली. योगायोग असा, की ते तेव्हा ज्या प्रबंधावर काम करत होते त्याचा विषयच रुपया हा होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

या पत्राची आठवण इथं काढण्याचं कारण वेगळं आहे. ज्या माणसाच्या बुद्धीबद्दल आणि स्वाभिमानाबद्दल शंका नाही, त्यानंही अडचण आल्यावर ती कुणाला तरी सांगितली. आकडा लिहिला, कारण लिहिलं. ‘सगळं मस्त’ लिहिलं नाही.

रुपयाचं गणित आज कसं बसतं?

कर्ज रुपयात, खर्च युरोत. जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा दर). त्यातले महिन्याला ९९२ युरो काढता येतात. समजा युरो १० रुपयांनी महागला, तर पोरानं एक जादा कॉफीही न पिता घरचा वर्षाचा बोजा १ लाख १९ हजारांनी वाढतो. इचलकरंजी भागात मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाचा हिशोब पिकामागं काही पैसे असा चालतो. त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मग पोर पार्टटाइम काम शोधतं. इथं नियम माहीत नसले तर व्हिसाच धोक्यात येतो. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्सिंग करता येत नाही. त्यामुळं दुसऱ्याच्या अकाउंटवरून डिलिव्हरी करणं हा सरळसरळ नियमभंग ठरतो. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासांची मुभा आहे, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. हे नियम बदलत राहतात, म्हणून सरकारी साइट पाहूनच पाऊल टाकावं. “सगळेच करतात” म्हणणारा सीनिअर तुमच्या व्हिसाची जबाबदारी घेत नसतो.

या कामाचा दुसरा परिणाम पैशाबाहेरचा आहे. घरी ज्यानं स्वतःचं ताट कधी उचललं नाही, तो हॉटेलात दुसऱ्यांची ताटं धुतो. पहिल्या आठवड्यात अपमान वाटतो, पुढं वाटेनासा होतो, आणि मग शेडमध्ये काम करणाऱ्या कामगारांकडं बघायची नजर बदलते. परदेशातल्या शिक्षणातून काय मिळतं याची यादी करताना डिग्रीच्या खालोखाल हे धरायला हरकत नाही. मात्र घरी हे सांगितलं जात नाही. मामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात ते बर्फाचे फोटो.

‘कल्चर शॉक’ म्हणजे नेमकं काय?

हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं. १९५४ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरो शहरात परदेशी महिलांच्या एका क्लबपुढं त्यानं व्याख्यान दिलं, १९६० मध्ये ते छापून आलं. त्याचं म्हणणं साधं होतं. कधी हात मिळवायचा, कधी टिप द्यायची, समोरचा गंमत करतोय की गंभीर आहे, हे आपल्या गावात आपण विचार न करता ओळखतो. परक्या देशात या सगळ्या खुणा एकदम गायब होतात. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी गत होते.

ओबर्गनं टप्पेही सांगितले. आधी नवलाई, मग चिडचिड, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी रुळणं. १९५५ मध्ये लिसगार्ड या संशोधकानं अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन अभ्यासकांची माहिती गोळा केली. ६ महिन्यांहून कमी आणि १८ महिन्यांहून जास्त राहिलेले तुलनेनं बरे होते, मधले सगळ्यात बेजार. इंग्रजी ‘यू’ सारखा हा आलेख आजही अनेक विद्यापीठांच्या ओरिएंटेशनमध्ये दाखवतात.

तो दाखवताना एक गोष्ट मात्र निसटते. पुढच्या संशोधनात हा आलेख सगळ्यांना लागू पडला नाही. न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांच्या १९९८ च्या एका अभ्यासात सगळ्यात जास्त त्रास पोहोचल्या-पोहोचल्याच दिसला. नवलाईचा मधुचंद्र वगैरे नव्हताच. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात रडू आलं म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडलंय, असा अर्थ काढायची गरज नाही. आणि आठव्या महिन्यात आलं तरी नाही.

आपल्याकडच्या पोरांना अडवणाऱ्या खुणा बहुतेक वेळा बारीक असतात. प्राध्यापकाला नावानं हाक मारायची, हे जिभेवर येत नाही. ‘सर’ म्हणायची सवय जात नाही. वर्गात प्रश्न विचारला की आपण गप्प बसतो, कारण इथं गप्प बसणं म्हणजे आदर. तिथं त्याचा अर्थ ‘अभ्यास करून आलेला नाही’ असा लागू शकतो. चार पुस्तकांतून चांगली वाक्यं उचलून उत्तर लिहिणं इथं हुशारी समजली जाते, तिथं संदर्भ न देता ते केलं तर थेट चौकशी बसते. ही शेवटची गोष्ट पहिल्या असाइनमेंटच्या आधीच समजून घ्यावी.

जेवणाचं सगळ्यांना सुचतं. बाकी महाराष्ट्र ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतो आणि कोल्हापूरकर नुसती ‘चटणी’ म्हणतात, तिचा डबा बॅगेत असतोच. ऑस्ट्रेलियाला जाताना तो कस्टम्सला सांगावा लागतो, लपवला तर दंड होऊ शकतो. युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे आजीनं दिलेलं तूप विमानतळावरच राहील. या चटणीचा एक उपयोग कुणी सांगत नाही: तिच्या वासानं शेजारच्या खोलीतला माणूस दारात येतो. विचारायला असो की तक्रार करायला, ओळख तर होते.

घरच्यांनी फोनवर काय विचारावं?

“जेवलास काय?” या प्रश्नाला ‘होय’ खेरीज उत्तर नाही. त्याऐवजी “आज कुणाशी बोललास?”, “खोलीत ऊब असते का?”, “या महिन्यात किती कमी पडतायत?” असं विचारलं तर काहीतरी कळतं. पैशाचा विषय घरानंच काढावा. पोर काढणार नाही.

कॉल कमी होणं, रात्रभर ऑनलाइन दिसणं, कॅमेरा बंद ठेवणं, परीक्षेचा विषय टाळणं, हे आठवडे चाललं तर ते नुसतं ‘बिझी’ असणं नसतं. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन विद्यार्थ्यांना मोफत असतं, आणि ते घेतल्यानं व्हिसावर शेरा पडत नाही. तातडीची वेळ आली तर अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक आहे. इकडं घरच्यांना आधार हवा असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मिळते, मराठीतूनही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थ्याची नोंदणी करता येते. विमानात बसायच्या आधीच ती करून टाकावी, पाच मिनिटांचं काम आहे.

खर्चाचा भार मुळातच कमी करणारे रस्तेही आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यात ७५ जागा आहेत. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ची शिष्यवृत्ती महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावानं आहे. दोन्ही नावं वर येऊन गेलीच आहेत. अटी आणि तारखा दरवर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात.

आणि परत आल्यावर?

१९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्यानं त्या ‘यू’ आलेखाला आणखी एक ‘यू’ जोडला. परत आलेला माणूस स्वतःच्या गावात पुन्हा तसाच घसरतो, असं त्यांनी मांडलं. गाव तेच असतं, आपण बदललेले असतो. रस्त्यावरचा हॉर्न खटकतो, “पगार किती?” हा प्रश्न खटकतो, आणि ते बोलून दाखवलं की “लई शाना झालास” हे ऐकावं लागतं.

काहींसाठी हे खटकण्यापुरतं राहत नाही. आंबेडकर १९१७ मध्ये परतले आणि शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे बडोद्याला नोकरीवर गेले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवलंय. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला, जायचं कुठं? शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. न्यूयॉर्कमध्ये ज्याला वसतिगृह बदलायला फक्त जेवणाचं कारण पुरलं होतं, त्याला स्वतःच्या देशात डोकं टेकवायला छत मिळेना.

जातीचा चटका परतल्यावर अजूनही बसतो, फक्त प्रत्येकाला सारखा बसत नाही. मुलींच्या बाबतीत वेगळंच घडतं. दोन वर्षं रात्री ११ ला लायब्ररीतून एकटी खोलीवर येणारी मुलगी परतल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही “सोबत कोण आहे?” ऐकते. तिचं लग्न कधी, हा प्रश्न तर विमानतळावरच भेटतो.

या सगळ्यात बँक मात्र वेळेवर असते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यावर ६ महिने ते वर्षभरानं सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. शिकत असतानाच नुसतं व्याज भरत गेलं तर पुढचा हप्ता हलका होतो. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना या व्याजावर कलम ८०ई खाली ८ वर्षांपर्यंत वजावट मिळते. नोकरी लागायला किती महिने लागतील याचं उत्तर कुणाकडंच नसतं, म्हणून जाण्याआधीच घरात बसून हप्त्याची तारीख आणि आकडा कागदावर लिहावा, आणि तो कागद पोरानं आणि घरच्यांनी, दोघांनीही वाचावा.